तेवीस रुमाल

देवासला माधवच्या घरी त्याच्या मुलाच्या, मननच्या, केळवणाची पंगत बसली होती आणि विद्युल्लता मुळ्ये वरणाचं भांडं घेऊन वाढत होती, तेव्हा तो फोन आला. जिनेव्हाच्या कचेरीत जिच्या सहीवाचून सहा देशांतली कामं अडून राहतात, तिला भावाच्या घरी मात्र कुणी वाढपातून सूट दिली नव्हती. तिनं मान वाकडी करून फोन कानाशी धरला.

"विद्युल्लताताई ना? मी धारहून कृतिका शितोळे बोलतेय. मानाजीराव शितोळे मास्तरांची सून. आबासाहेब विचारतायत, पुढच्या सालचे फॉर्म कुठून आणायचे? झेरॉक्सवाला म्हणतो, मूळ कागद इतना घिस गया है कि अब कुछ उठता ही नहीं."

"कसले फॉर्म?"

"सर्वे के, ताई. बालघरवाला. तुमचाच ना तो?"

वरण मननच्या पानातल्या जिलबीवर पडलं. पंगत खो खो हसली. विद्युल्लताला काही हसू आलं नाही, कारण तो सर्वे तिनं वीस वर्षांपूर्वी बंद केला होता.

त्या सर्वेवर तर तिचं सगळं नाव उभं होतं. सत्ताविसाव्या वर्षी, परदेशातून अर्थशास्त्राची डॉक्टरेट घेऊन ती आली, ती थेट धारजवळच्या नालछा ब्लॉकमध्ये. तिथल्या डोंगरातल्या भिलांच्या वस्त्यांना फलिया म्हणतात. अशा चोवीस फलिया तिनं निवडल्या. त्यातल्या बारांत बालघर काढायचं: फलियातलीच एक बाई, एक ओसरी, तीन ते पाच वर्षांची दहा पोरं, सकाळी दलिया आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. उरलेल्या बारांत काहीच काढायचं नाही, आणि दोन्हीकडच्या पोरांत काय फरक पडतो ते दरसाल बघायचं. कुणाचा वशिला नको म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठ्या होत्या नालछाच्या शाळेतल्या मानाजीराव मास्तरांच्या पितळी तांब्यात, आणि त्या काढल्या होत्या विद्युल्लतानं स्वतःच्या हातानं.

पहिल्या वर्षी बालघरातली पोरं कितीतरी पुढं होती. दुसऱ्या वर्षी थोडीच. तिसऱ्या वर्षी दोन्हीकडची सारखीच निघाली. तिनं निबंध लिहिला: बालघराचा फायदा टिकत नाही. निबंध असा गाजला, की ज्यांनी कधी नालछाचं नाव ऐकलं नव्हतं ते लोक जगभरच्या सभांमध्ये नालछाचा दाखला देऊ लागले. आधी नोकरी, मग बढती, मग आणखी बढती. पन्नाशीत ती जिनेव्हाच्या त्या संस्थेच्या मूल्यमापन विभागाची प्रमुख झाली. आता येत्या सोमवारी तिच्या समितीला ठरवायचं होतं, की सहा देशांतली संस्थेची बालघरं बंद करायची की नाही. चार लाख पोरं होती तिथं. बंद करावीत अशी शिफारस तिनंच लिहिली होती, आणि शिफारशीला आधार होता तोच वीस वर्षांपूर्वीचा निबंध.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, तिनं माधवची गाडी काढली. धारला जाऊन, अजून फॉर्म भरत असलेल्या त्या म्हाताऱ्याची माफी मागायची, "थांबा" म्हणायचं आणि संध्याकाळच्या आत मेंदीला परत यायचं, असा साधा सरळ बेत होता.

मानाजीराव दारात उभे होते. शहात्तर वय, गुडघे बाहेरच्या बाजूला वळलेले, पण सदऱ्याची इस्त्री अशी की धारच लागावी. "या बाईसाहेब. प्रवास ठीक झाला ना?" जणू ती काल गेली होती आणि आज आली.

"मानाजीराव, सर्वे तर बंद झाला होता. तुम्हाला पत्र आलं नाही?"

"नाही."

ती ओशाळली. पत्र इंदूरच्या एका लहानशा संस्थेकडून जायचं होतं. ती संस्थाच त्या साली बंद पडली, आणि पत्र गेलं की नाही हे विद्युल्लतानं कधी विचारलंही नव्हतं. "पण मानधन थांबलं, मोजणीवरचे बाकीचे चौघे सोडून गेले, मग तुम्हाला वाटलं नाही की…"

"मानधन थांबलं म्हणजे हुकूम फिरला असं नसतं ना बाईसाहेब. आमच्या आजोबांनी संस्थानच्या दप्तरात चाळीस वर्षं काढली. वरून उलटा हुकूम येत नाही तोवर पहिला हुकूम चालू. तुम्ही शाळेच्या हॉलमध्ये आम्हाला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. एकही घर सुटता कामा नये. एकही प्रश्न बदलता कामा नये. आणि मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

ते तिसरं वाक्य तिनं दुपारच्या चहाच्या सुट्टीबद्दल म्हटलं होतं. तिला ते लख्ख आठवलं आणि तिचे कान तापले.

कृतिका हात पुसत बाहेर आली. धारच्या सरकारी शाळेत ती गणित शिकवायची आणि बोलायचीही शाळेत बोलतात तसं ठणठणीत. "ताई, सहा वर्षं मी स्कूटीवर डबल सीट नेतेय यांना. गुडघे साथ नहीं देते, पण दिवाली झाली की बस, फेरा. माझ्या लग्नात सुद्धा दुसऱ्या दिवशी हे पाहुण्यांना सोडून फलियात गेले होते, पूछो इनको." मानाजीरावांनी जाणूनबुजून ऐकलं नाही आणि आतल्या खोलीचं दार उघडलं.

भिंतीला लागून लाकडी मांडणी होती, आणि मांडणीवर ओळीनं गाठोडी. लाल खारव्याच्या कापडात बांधलेली, वर सालाची चिठ्ठी शिवलेली. जुन्या दप्तरातले लोक अशा गाठोड्याला रुमाल म्हणत. तिनं मोजले. तेवीस होते. प्रत्येक रुमालात दोनशे चाळीस फॉर्म, दोनशे चाळीस पोरांचे. तेविसाव्यातच फक्त दहा कमी होते. एका उंच फलियाची दहा घरं यंदा राहिली होती.

"सोडून गेलेली कुटुंबं?" तिनं विचारलं. हा प्रश्न तिच्या धंद्यातला. पैशानं भरलेले, माणसांनी भरलेले मोठमोठे सर्वे तिनं पाहिले होते. पाचदहा वर्षांत निम्मे लोक हरवलेले असायचे आणि त्याला कुणी फारसं वाईटही म्हणायचं नाही.

"सोडून जातात, पण जाऊन जाऊन कुठं जाणार? पीथमपूरला असले तर शिफ्टच्या बसमध्ये गाठायचं. दोन घरं राजकोटला गेली, तिथं गेलो. एक परत आलं." त्यांनी एका रुमालावरची चिठ्ठी बोटानं सरळ केली. "सात पोरं वारली. त्यांच्या फॉर्मवर तारीख घातली आहे. त्या सात घरी मी दरसाल जातो, पण काही विचारत नाही. नुसता बसून येतो."

विद्युल्लता खाली जमिनीवरच बसली. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांच्या कामाला दहापैकी गुण दिले होते. इथं ते गुण द्यायला तिची जीभ उचलेना. तिला इतकं मोठं काही पाहिल्याचं आठवत नव्हतं, आणि ते एका मास्तराच्या माजघरामागच्या खोलीत, कांद्याच्या पोत्याशेजारी ठेवलेलं होतं.

"यातून काय निघतं ते तुम्ही पाहिलंत?"

"छे! बेरीज आम्ही करायची नाही, तुम्ही करायची, असं होतं ना?" मानाजीराव जवळजवळ दुखावल्यासारखे म्हणाले.

मग बेरीज ती करायला बसली. मेंदीचा फोन आला, लग्नाला अजून पाच दिवस होते, तेवढ्या भरवशावर तिनं तो माधवकडून शिव्या खाऊन ठेवला. कृतिका फॉर्म वाचायची आणि विद्युल्लता लॅपटॉपवर भरायची. शुक्रवार गेला, शनिवार दुपारपर्यंत गेला. मध्ये पोहे झाले, डाळबाफले झाले. प्रत्येक फॉर्ममध्ये तेच एक्केचाळीस प्रश्न, हिंदीतले, एकाही शब्दाचा फरक न केलेले. सतरावा प्रश्न होता, "घर में रेडियो है?" पहिल्या साली एकोणीस घरांत रेडिओ होता. गेल्या नऊ वर्षांत एकाही घरात नव्हता, तरी मास्तरांनी दरसाल दारोदार विचारून प्रत्येक वेळा "नहीं" लिहिलं होतं.

"या प्रश्नाला लोक हसत नाहीत?" तिनं विचारलं.

"हसतात ना. खूप हसतात," ते गंभीरपणे म्हणाले.

शनिवारी चारच्या सुमाराला कृतिकानं पडद्यावरचे दोन रकाने पाहिले आणि चष्मा वर केला. "ताई, ये तो उल्टा आ रहा है."

उलटंच येत होतं. तिसऱ्या वर्षी फरक नाहीसा झाला होता, ते खरं. चौथ्या, पाचव्या, सहाव्या वर्षीही नव्हता. आठव्या वर्षापासून तो पुन्हा उगवायला लागला. बालघरातली पोरं शाळा सोडत नव्हती. दहावी झालेली, बालघराच्या फलियांतली एकशेवीसपैकी एकाहत्तर, दुसऱ्या फलियांतली अडतीस. मुलींची लग्नं तीन वर्षं उशिरा. पुढं त्यांची स्वतःची पोरं, ती वजनानं चांगली. दरसाल दरी थोडी थोडी रुंद होत गेली होती. दह्याला विरजण लावून तासाभरात झाकण उघडावं आणि लागलं नाही म्हणून ओतून द्यावं, तसं तिनं केलं होतं. आणि मग वीस वर्षं जगभर सांगत फिरली होती, की या दुधाचं दहीच होत नाही.

ती अंगणात जाऊन उभी राहिली. हे आकडे मानता येत नाहीत असं म्हणायला तिच्याकडे अकरा कारणं होती आणि अकराच्या अकरा खरी होती. नेमणूक नाही, देखरेख नाही, मोजणारा एकटा. शिवाय तेविसावा फेरा अपुरा. सोमवारी ती गप्प राहिली असती तर कुणाला कळणारही नव्हतं. तिला भीती वाटली, आणि आपल्याला भीती वाटते आहे याची लाजही वाटली.

"अपुरा फेरा धरायचा नाही," पाठीमागून मानाजीराव म्हणाले. ते काठी टेकत आले होते. "तुमचाच नियम आहे. दहा घरं राहिलीत, वर स्कूटी जात नाही, आणि मला चढवत नाही. म्हणून फॉर्मचा फोन करवला, खरं सांगायचं तर. म्हटलं, बाईसाहेबांना कळवावं. माझ्याकडून कसूर झाली."

तेवीस वर्षांत दहा घरं राहिली म्हणून हा माणूस तिची माफी मागत होता. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. "उद्या मी जाते," ती म्हणाली.

रविवारी नालछापर्यंत गाडीनं आणि पुढं पायी. मानाजीराव खाली हातपंपापाशी खाटेवर बसले, कृतिका त्यांच्यापाशी थांबली, आणि पन्नास वर्षांची विभागप्रमुख फॉर्मची पिशवी खांद्याला लावून टेकडी चढली. फलिया वर पसरलेली होती, एक घर इथं तर दुसरं ओढ्याच्या पलीकडं. सोयाबीन निघालं होतं, गहू नुकता उगवला होता. नऊ घरं करता करता दुपार झाली. नवव्या घरातल्या बाईनं तिला "थोड़ी बैठ जा, मास्टरसाब की बाई," म्हणून ताक दिलं.

दहावं घर थावरी डावरचं. थावरी पहिल्या रुमालात चार वर्षांची होती, आता सव्वीसची. पीथमपूरच्या एका औषधाच्या कारखान्यात गोळ्या तपासायच्या कामावर होती. रविवारची सुट्टी म्हणून आईकडे आली होती. अंगणात तिची चार वर्षांची पोर खडे मांडत होती.

विद्युल्लतानं पहिला प्रश्न अर्धा वाचला, तोच थावरीनं उत्तर दिलं. दुसरा वाचायच्या आतच तिनं उत्तर दिलं. तिला एक्केचाळीसही पाठ होते.

"मास्टरसाब नहीं आए? बीमार हैं क्या?" हा बेचाळिसावा प्रश्न तिचा होता.

"खाली बैठे हैं. घुटने."

"हमारे फलिया में दसवीं से आगे मैं अकेली गई, मॅडम. बालघर तो इधर आया नहीं था, चिट्ठी में नहीं निकला. पर मास्टरसाब हर साल आके पूछते थे, कौन-सी कक्षा में है? जो पिछले साल बताया वही बताने में लाज आती थी. तो मैं एक-एक क्लास आगे सरकती गई." ती हसली. "सामने के फलिया में निकला था. वहाँ से तो चार लड़कियाँ गईं. मेरी मौसी की भी."

नुसत्या विचारण्यानं एक मुलगी पुढं सरकली होती. कोणत्याही मूल्यमापनात हा दोष धरतात. पण मास्तर विचारायला दोन्हीकडे जात होते. तरी समोरच्या टेकडीवरून चार गेल्या आणि इथून एक. समोरची टेकडी दिसत होती. मध्ये एक ओढा, बस.

"चिट्ठी किसने निकाली थी, मॅडम? आपको पता है?" थावरीनं सहज विचारलं.

"मैंने."

थावरीनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, दुसऱ्याच्या हातून पेला फुटल्यावर पाहतात तसं पाहिलं. मग अंगणातल्या पोरीकडे मान वळवली. "मेरी तो गई. इसके लिए आएगा क्या अब? मैं शिफ्ट में रहती हूँ, माँ को दिखता नहीं. सारा दिन पत्थर से खेलती है."

एक्केचाळीस प्रश्नांच्या त्या फॉर्ममध्ये या प्रश्नाला जागा नव्हती. विद्युल्लतानं पान उलटलं आणि राहून गेलेला सतरावा प्रश्न वाचला. "घर में रेडियो है?"

थावरी हसली, आतून तिची आई हसली, आणि काही न कळताही पोर हसली. "नहीं है. अगले साल भी नहीं रहेगा. पर पूछना जरूर."

उतरताना विद्युल्लताला वाटलं होतं त्यापेक्षा पायांत बळ होतं. खाली येऊन तिनं दहा फॉर्म मानाजीरावांच्या हातात दिले. त्यांनी एकेक तपासला, एकात राहून गेलेला वयाचा आकडा तिच्याकडून भरून घेतला आणि मगच म्हणाले, "फेरा पुरा झाला."

सोमवारी ती समितीसमोर बसली ती धारच्याच त्या खोलीतून. पडद्यावर चौदा चेहरे होते आणि तिच्या पाठीमागे लाल रुमालांची ओळ. अध्यक्षांनी इंग्रजीत विचारलं, तुमची शिफारस कायम आहे ना?

"नाही," ती म्हणाली. "माझा निबंध चुकला आहे. तिसऱ्या वर्षी मी मोजणं थांबवलं. मुलं वाढायची थांबली नव्हती." आणि तिनं रकाने दाखवले. अकरा कारणंही तिनंच वाचून दाखवली, एकही न गाळता. कुणी विचारलं, एवढी वर्षं हे कोणाच्या आदेशावरून चाललं? "माझ्या. मी थांबा म्हणायला विसरले." शेवटी असं ठरलं, की बालघरं निदान एक वर्ष चालू राहतील आणि रुमालांतला प्रत्येक फॉर्म दुसऱ्या कुणीतरी तपासायचा. ज्या निबंधावर आपण चढलो तो मागं घेतल्यावर या खुर्चीत राहता येणार नाही, हे तिनंच सांगितलं.

मानाजीराव कोपऱ्यात स्टुलावर बसून सगळं पाहत होते. इंग्रजी त्यांना फारसं कळत नव्हतं. "काय झालं बाईसाहेब?"

"तुमचं काम लागू पडलं."

"बरं झालं." त्यांनी गुडघे चोळले. मग जरा संकोचून म्हणाले, "मग आता… थांबायचा हुकूम आहे का?"

तिनं कृतिकाकडून कोरा कागद मागून घेतला. तोंडी सांगून हा माणूस थांबणार नाही हे तिला आता पुरतं कळलं होतं. तिनं जपून अक्षर काढलं: श्री. मानाजीराव शितोळे यांनी तेवीस फेरे पूर्ण केले. त्यांना आजपासून कार्यमुक्त करण्यात येत आहे. चोविसाव्या फेऱ्याचा कार्यभार विद्युल्लता मुळ्ये यांच्याकडे राहील. खाली सही केली, उभी राहिली आणि दोन्ही हातांनी कागद त्यांना दिला.

त्यांनी तो दोनदा वाचला. डोळ्यांत पाणी होतं, तरी बोट कागदाच्या कोपऱ्यावर गेलं. "तारीख राहिली."

तिनं तारीख घातली. मग त्यांनी कागदाची घडी करून तेविसाव्या रुमालात ठेवली, गाठ मारली आणि स्टुलावर ताठ बसले. "आता रीतसर चार्ज घ्या. प्रश्न तोंडपाठ लागतात, कागदात बघून विचारलं की लोक बुजतात. सतरावा म्हणा."

"घर में रेडियो है?" विद्युल्लता म्हणाली.

दारात उभी असलेली कृतिका फिस्सकन हसली.

"ठीक," मानाजीराव म्हणाले. "हसले तरी विचारायचा."